लायसन्स, कन्सोल आणि कंपन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सोर्स लायसन्स (प्रोग्रामचा मूळ कोड, म्हणजे सोर्स, कुणालाही वापरायला आणि बदलायला देणारी परवानगी) आणि गेमिंग कन्सोल यांवरून भांडणं जुंपली की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरांत आमची मतंही आहेत आणि ती लपवलेली नाहीत. कायद्याची माहिती समजून घेण्यापुरती आहे. नोटीस हातात पडली असेल तर वकील गाठा.

१. कोड गिटहबवर सगळ्यांना दिसतोय, म्हणजे तो ओपन सोर्सच ना?

दिसतो म्हणून वापरता येतोच असं नाही. रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) लायसन्सची फाइल नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. त्यामुळे आधी लायसन्सची फाइल उघडा आणि मग प्रत्येक फोल्डरमध्ये डोकावा. मुख्य प्रोग्राम एमआयटी लायसन्सखाली आणि आत उचललेली एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) ‘व्यावसायिक वापरास मनाई’ असलेली, असा प्रकार सर्रास आढळतो.

२. जीपीएल, एमआयटी, बीएसडी यांतला फरक थोडक्यात सांगा.

एमआयटी आणि बीएसडीची अट एवढीच: घ्या, बदला, बंद डब्यात घालून विका, पण कॉपीराइटची सूचना सोबत ठेवा. जीपीएलमध्ये तयार प्रोग्राम ज्याला द्याल त्याला सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो. यातलं ‘ज्याला द्याल त्याला’ हे लोक विसरतात. तुमच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या बदललेल्या प्रोग्रामचा सोर्स जीपीएल मागत नाही. तिथं एजीपीएल लागू पडतं, कारण नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स द्या असं ते सांगतं. एलजीपीएल, म्हणजे लायब्ररींसाठीचं सैल जीपीएल, त्याचा मामला प्रश्न १३ मध्ये आहे.

३. प्लेस्टेशनमध्ये ओपन सोर्स आहे म्हणतात. मग सोनी तो कोड का देत नाही?

द्यायची सक्ती नाही म्हणून. पीएस४ ची (प्लेस्टेशन ४ ची) सिस्टीम फ्रीबीएसडी ९ या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर बेतलेली आहे आणि फ्रीबीएसडीचं लायसन्स सोर्स मागतच नाही. कॉपीराइटची सूचना छापली की जबाबदारी संपली. एलजीपीएलखालचे जे थोडे घटक कन्सोलमध्ये असतात, त्यांचा सोर्स मात्र द्यावाच लागतो. ‘सोनीने ओपन सोर्स चोरलं’ हा आरोप म्हणूनच टिकत नाही. दिलेल्या परवानगीतच ती वागली आहे.

४. मग निन्टेंडो स्विचमध्येही फ्रीबीएसडीच आहे का?

नाही. स्विचची सिस्टीम निन्टेंडोची स्वतःची आहे, होरायझन नावाची. तिचा मायक्रोकर्नल (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, हा त्याचा छोटा प्रकार) निन्टेंडोच्याच आधीच्या ३डीएस कन्सोलच्या काळापासून चालत आला आहे. फ्रीबीएसडीतून नेटवर्किंगचा काही भाग घेतला म्हणून त्याची सूचना छापलेली असते, आणि ती वाचून ही अफवा निघाली. स्विचमध्ये अँड्रॉइड आहे, हीसुद्धा अफवाच.

५. बीएसडीखाली लिहायचं म्हणजे कंपन्यांची फुकट चाकरी नाही का?

काही अंशी आहे, आणि ती लेखकाने डोळे उघडे ठेवून पत्करलेली असते. मिनिक्स या बीएसडीखालच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे जनक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना त्यांची सिस्टीम इंटेलच्या चिपांमधल्या मॅनेजमेंट इंजिनात (आतल्या छोट्या वेगळ्या संगणकात) चालते हे २०१७ मध्ये बातम्यांतून कळलं. त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. कळवायची सक्ती नव्हती, पण कळवलं असतं तर बरं झालं असतं, असा त्यातला सूर होता. लायसन्सबद्दल तक्रार नव्हती.

आमचं मत: तुमच्या कोडवर कुणी कोट्यवधी कमावले तर तुम्हाला झोप लागणार नसेल, तर बीएसडी निवडू नका. निवडल्यावर रडण्यात अर्थ नाही.

६. कन्सोलमध्ये लिनक्स असेल तर मला त्यात माझा बदललेला कर्नल टाकता यायला हवा ना?

टाकता येईलच असं नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे.

२०१६ चा एनईएस क्लासिक हा निन्टेंडोचा छोटा कन्सोल लिनक्सवर चालतो आणि निन्टेंडोने त्यातल्या जीपीएल भागाचा सोर्स प्रसिद्धही केला. पण सोर्स मिळाला म्हणजे तो यंत्रात चढवता येतो असं नाही. बूट होताना यंत्र कर्नलची डिजिटल सही तपासत असेल आणि सहीची किल्ली कंपनीकडेच असेल, तर तुमचा कर्नल बिनचूक कंपाइल होऊनही (सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनूनही) सुरू होत नाही. टिवो या अमेरिकी व्हिडिओ रेकॉर्डरने हेच केलं होतं. त्यावरून या प्रकाराला ‘टिवोआयझेशन’ म्हणतात.

१९९१ ची जीपीएल दुसरी आवृत्ती ‘कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्ट’ मागते. सहीची किल्लीही त्यातच येते, असं काही जण म्हणतात. बहुतेक कंपन्या तसं मानत नाहीत. २९ जून २००७ ची तिसरी आवृत्ती मात्र स्पष्ट आहे: घरगुती वापराच्या उपकरणात कोड दिलात तर बदललेली आवृत्ती चढवायला लागणारी माहिती, किल्लीसकट, द्यावी लागते.

तिच्यातही दोन पळवाटा मुद्दाम ठेवल्या आहेत. कोड रॉममध्ये कायमचा कोरलेला असेल आणि खुद्द कंपनीलाही तो बदलता येत नसेल, तर ही अट लागू होत नाही. दुसरं, बदललेल्या यंत्रामुळे नेटवर्कच्या कामकाजाला बाधा येत असेल तर कंपनी त्याला नेटवर्कवर येण्यापासून अडवू शकते. म्हणजे सगळं तिसऱ्या आवृत्तीखाली असतं तरी ऑनलाइन गेममधून हकालपट्टी होऊ शकतेच.

७. लिनक्स जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर का गेलं नाही?

दोन कारणं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ती किल्लीची अटच मान्य नाही. सॉफ्टवेअरच्या लायसन्सने हार्डवेअर कसं बनवावं हे सांगू नये, असं त्यांचं म्हणणं. दुसरं कारण व्यवहाराचं: कर्नलमध्ये हजारो जणांचा कॉपीराइट आहे आणि कोड ‘फक्त दुसरी आवृत्ती’ या अटीवर आहे. सगळ्यांची संमती कोण गोळा करणार? डॉल्फिन या एम्युलेटरने (कन्सोलचे गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रामने) २०१५ मध्ये ‘फक्त दुसरी’वरून ‘दुसरी किंवा नंतरची’कडे जाताना जुन्या लेखकांना शोधून संमती मिळवली आणि काही भाग नव्याने लिहिला. तो प्रकल्प कर्नलच्या मानाने लहान होता, तरी दमछाक झाली.

८. सोनीने पीएस३ वरचं लिनक्स काढून घेतलं. ते जीपीएलचं उल्लंघन नव्हतं का?

जीपीएलचं नव्हतं. सोनी लिनक्स देत नव्हती; ते चढवायची सोय देत होती. सोयीचं नाव ‘अदर ओएस’. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या पीएस३ मध्ये ती होती, २००९ च्या स्लिम मॉडेलमध्ये नव्हती, आणि १ एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटने ती जुन्या यंत्रांतूनही गेली. अपडेट नाकारायची मुभा होती, पण मग प्लेस्टेशन नेटवर्क बंद आणि नवे गेमही चालणार नाहीत.

त्याआधी काही आठवडे हायपरवायझरमध्ये (सिस्टीमवर पहारा ठेवणाऱ्या सर्वांत आतल्या थरात) घुसायची एक वाट उघड झाली होती आणि तिला अदर ओएस लागत असे. सोनीने सुरक्षेचं कारण दिलं. पण दार बंद केल्यावर खिडकी फुटली. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने दाखवलं, की सोनीच्या सहीत प्रत्येक वेळी नवीन असायला हवा तो यादृच्छिक आकडा प्रत्यक्षात तोच तो वापरला जातोय. या प्रकारच्या सहीत दोन सह्यांसाठी तोच आकडा वापरला, की दोन समीकरणं सोडवून खाजगी किल्ली काढता येते. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत, शाळेतलं बीजगणित जवळजवळ पुरतं.

ग्राहकांचा दावा जीपीएलवर नव्हता. जाहिरात करून विकलेली सोय नंतर काढून घेतली, यावर होता. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात २०१८ मध्ये ३७.५ लाख डॉलरची तडजोड झाली. यंत्र विकल्यावर त्यातला एक भाग परत घ्यायचा ही वृत्ती आम्हाला सहीतल्या चुकीपेक्षा जास्त खटकते. आणि सोय कुणी वापरत नव्हतं हेही खरं नाही: अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १,७६० पीएस३ जोडून संगणक-समूह उभारला होता.

९. एम्युलेटर वापरणं बेकायदा आहे का?

एम्युलेटर हा प्रकार बेकायदा नाही. अमेरिकेत नाइन्थ सर्किट या अपील न्यायालयाने २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात, एम्युलेटर बनवण्यासाठी प्लेस्टेशनच्या बायोसचं (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं) रिव्हर्स इंजिनिअरिंग करणं, म्हणजे तो उलगडून कसा चालतो ते शोधणं, रास्त वापरात (परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात) मोडतं असं ठरवलं. सोनीने नंतर ते उत्पादनच विकत घेऊन बंद केलं. त्याच सुमारास ब्लीम नावाची एम्युलेटर कंपनीही कोर्टात टिकली, पण वकिलांच्या बिलांनी बुडाली. जिंकण्याचा खर्च परवडत नाही, ही या क्षेत्राची जुनी दुखरी नस आहे.

आजची अडचण कूटबद्धतेची, म्हणजे गेम गुप्त लिपीत कुलूपबंद असण्याची आहे. स्विचचे गेम कूटबद्ध असतात आणि ते उलगडायला यंत्रातून काढलेल्या किल्ल्या लागतात. निन्टेंडोने फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस युझू या स्विच एम्युलेटरच्या निर्मात्यांवर दावा ठोकला तो याच मुद्द्यावर, आणि आठवड्याभरात २४ लाख डॉलरच्या तडजोडीवर प्रकल्प बंद झाला. खटला चालला नाही, म्हणून त्यातून नवा न्यायनिवाडाही निघाला नाही. ‘कोर्टाने एम्युलेटर बेकायदा ठरवले’ असं कुणी सांगितलं तर निकाल दाखवायला सांगा.

युझूचा कोड जीपीएल तिसऱ्या आवृत्तीखाली होता, मग त्याच्या इंटरनेटवरच्या प्रती का काढून टाकल्या गेल्या, हा याचा जोडप्रश्न. जीपीएल ही लेखकांनी त्यांच्या कोडपुरती दिलेली परवानगी आहे. तिसऱ्या कुणाच्या कुलूप फोडण्याविरुद्धच्या हक्कापुढे ती ढाल होत नाही.

१०. भारतात माझ्याच डिस्कची प्रत काढली तर चालतं का?

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए) नुसार, संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे तो हरवणं-खराब होणं यापासून संरक्षण म्हणून बॅकअप काढू शकतो. (एडी) उपकलम त्याहून सैल आहे: स्वतः कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यावसायिक, वैयक्तिक वापरासाठी प्रत.

कुलूप फोडावं लागलं तर? २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ए दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण ‘हक्कभंगाच्या हेतूने’ कुलूप फोडलं तर. हेतूची ही अट अमेरिकी कायद्यात तशी नाही, म्हणून तिकडचे निष्कर्ष इकडे जसेच्या तसे चिकटवू नका. गोम अशी, की (एए) आणि (एडी) ही दोन्ही उपकलमं ‘संगणक प्रोग्राम’बद्दल बोलतात आणि गेममध्ये संगीत, चित्रं, चित्रफितीही असतात. इंटरनेटवरून उतरवून घेतलेले रॉम, म्हणजे गेमच्या प्रतींच्या फाइली, या सवलतीत बसत नाहीत. चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरण्यासाठी कलम ६३बी वेगळं आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. फायद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं.

११. हजारो गेम आधीच भरलेला स्वस्त हँडहेल्ड मिळतोय. त्यात लायसन्सचा काय घोळ आहे?

घोळ तिहेरी आहे. गेम चोरीचे, हे सगळ्यांना ठाऊक. दुसरं, रॉकचिपसारख्या चिपवर चालणाऱ्या या यंत्रांत लिनक्स असतं आणि कर्नलचा सोर्स बहुतेकदा मिळत नाही. तिसरं फारसं कुणी बोलत नाही: त्यातले काही एम्युलेटर विकायला परवानगीच नाही. स्नेस९एक्स, जेनेसिस प्लस जीएक्स आणि एफबीनिओ यांच्या लायसन्समध्ये व्यावसायिक वापराला मनाई आहे. अनेक एम्युलेटर एकत्र चालवणारा रेट्रोआर्क जीपीएलखाली आहे म्हणून त्यातला प्रत्येक ‘कोअर’ही (आत जोडलेला एम्युलेटर) तसाच असेल असं धरू नका.

नामांकित कंपन्याही यात अडखळल्या आहेत. २०१९ च्या कॅपकॉम होम आर्केडमध्ये एफबी अल्फा हे एम्युलेटर वापरलं होतं. एका प्रमुख लेखकाने परवानगी दिली, इतरांनी आक्षेप घेतला, आणि त्या फाटाफुटीतूनच एफबीनिओ निघालं. उलट २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये खुद्द सोनीने पीसीएसएक्स रीआर्म्ड हे जीपीएलखालचं एम्युलेटर वापरलं. कनेक्टिक्सला कोर्टात खेचणाऱ्या कंपनीने! (प्रश्न ९.)

१२. कंपनीकडे जीपीएल सोर्स मागायचा कसा?

आधी यंत्राच्या सेटिंग्जमधलं कायदेशीर माहितीचं पान उघडा, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि खोक्यातली पत्रकंही तपासा. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली सोर्स सोबत दिला नसेल तर लेखी हमी द्यावी लागते. ती किमान तीन वर्षं चालते आणि कुणालाही वापरता येते, अगदी ग्राहक नसलात तरी. पाठवण्याच्या खर्चाहून जास्त पैसे कंपनी मागू शकत नाही.

पत्रात मॉडेल क्रमांक, फर्मवेअरची (यंत्रात आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरची) नेमकी आवृत्ती आणि ‘त्या आवृत्तीशी जुळणारा संपूर्ण सोर्स, बिल्ड स्क्रिप्टसह’ हे शब्द घाला. नुसतं ‘सोर्स द्या’ लिहिलंत तर मूळ लिनक्सच्या संकेतस्थळाची लिंक येते आणि विषय बंद होतो.

फाइल आली की कंपाइल करून बघा. नेहमी गळणाऱ्या गोष्टी: कर्नल कॉन्फिगरेशनची फाइल, त्या बोर्डची डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल), कंपायलरची आवृत्ती. कधी कर्नलची आवृत्तीच यंत्रातल्याशी जुळत नाही. काय गळलंय ते मुद्देसूद लिहून परत पाठवा. धमकीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. तरीही दाद लागली नाही तर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या अमेरिकी संस्थेला कळवता येतं. कॉपीराइटधारक नसलेला ग्राहकसुद्धा सोर्ससाठी दावा लावू शकतो, अशी भूमिका घेऊन तिने २०२१ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीला कॅलिफोर्नियात कोर्टात खेचलं.

१३. आमच्या गेममध्ये जीपीएल लायब्ररी आहे. तो कन्सोलवर आणता येईल का?

व्यवहारात नाही. कन्सोलचं डेव्हलपमेंट किट गोपनीयतेच्या करारावर मिळतं आणि जीपीएल तर त्याला जोडलेल्या प्रोग्रामचा पूर्ण सोर्स मागतं. दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. फ्रेडी फिशसारख्या मुलांच्या गेमच्या निन्टेंडो वी कन्सोलवरच्या आवृत्त्यांत स्कमव्हीएम हे जीपीएलखालचं इंजिन न सांगता वापरलं गेलं. २००९ मध्ये ते उघड झालं, तेव्हा हाच पेच समोर आला: निन्टेंडोच्या अटींमुळे कोड उघडही करता येईना. प्रकरण तडजोडीने मिटलं.

एलजीपीएल लायब्ररी वेगळी, बदलता येण्याजोगी फाइल म्हणून जोडली तर पीसीवर चालते. कन्सोलवर सगळं एकाच सही केलेल्या फाइलमध्ये बांधलं जातं, तिथं पंचाईत होते. गेमसाठीच्या एसडीएल या लायब्ररीने दुसऱ्या आवृत्तीपासून एलजीपीएल सोडून झेडलिब हे सैल लायसन्स घेतलं, त्यामुळे ते बिनधास्त वापरा.

१४. गोडो इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एमआयटीखाली आहे. मग त्यात कन्सोलचं पोर्ट (कन्सोलवर चालणारी आवृत्ती) का मिळत नाही?

तोच गोपनीयतेचा करार. एमआयटी कोड बंद करायला परवानगी देतं, म्हणून पोर्ट करता येतं. पण किटचा भाग उघड्या रिपॉझिटरीत ठेवता येत नाही. त्यामुळे ही पोर्टं बाहेरच्या कंपन्या करतात, उदाहरणार्थ डब्ल्यू४ गेम्स. बजेट मांडताना हा खर्च धरा.

१५. युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीने २०२३ मध्ये केलं तसं कुठलीही कंपनी मध्येच अटी बदलू शकते का?

करारात तसं लिहिलेलं असेल तर प्रयत्न करू शकते. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने दर इन्स्टॉलमागे ‘रनटाइम फी’ जाहीर केली. स्वस्तातल्या योजनांना ती वर्षाला दोन लाख डॉलर उत्पन्न आणि एकूण दोन लाख इन्स्टॉल ओलांडल्यावर लागणार होती, आणि आधी प्रसिद्ध झालेले गेमही तिच्यातून सुटत नव्हते. डेव्हलपर खवळले, महिन्याच्या आत मुख्याधिकारी पायउतार झाले आणि बरोबर वर्षभराने फी रद्द झाली.

इंजिन निवडताना दर बघण्याआधी एक कलम शोधा: ‘वापरत असलेल्या आवृत्तीला त्या वेळच्या अटी लागू राहतील’. युनिटीच्या अटींत असं कलम २०१९ पासून होतं, नंतर ते वगळलं गेलं. अटींच्या पानाची तारखेसह प्रत जपून ठेवा. अनरियल या दुसऱ्या इंजिनचं गणित निदान सरळ आहे: दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के.

१६. कंपनीने ओपन सोर्स लायसन्स बदललं तर जुना कोडही जातो का?

जुन्या आवृत्तीवर मिळालेली परवानगी राहते. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडलं, ७.२ पर्यंतचा कोड बीएसडीखालीच राहिला आणि त्यावरून व्हॅल्की हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प) उभा राहिला. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय आणला. हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचं लायसन्स बदललं तेव्हा ओपनटोफू हा फोर्क निघाला.

कुठं योगदान देण्याआधी पाहा: कंपनी तुमच्याकडून लायसन्स बदलण्याचा हक्क देणारा करार सही करून घेते का? घेत असेल तर बदलाची तयारी पहिल्या दिवसापासून आहे असं समजा.

१७. पैसे मोजून घेतलेला गेम माझा का नाही?

कारण तुम्ही वापरायची परवानगी घेतली आहे. यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर कुणालाच खेळता येईना, डिस्क असलेल्यांनासुद्धा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला ‘ही परवानगी आहे’ असं स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूसाठी ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. हे बरं झालं, पण पाटी लावल्याने गेम चालू राहत नाही.

डिस्क घेताना तीन गोष्टी बघा: पूर्ण गेम डिस्कवर आहे का, इंटरनेटशिवाय सुरू होतो का, खातं लागतं का. स्विच २ च्या ‘गेम-की कार्ड’मध्ये फक्त किल्ली असते, गेम डाउनलोडच करावा लागतो.

१८. मग कोणती कंपनी ओपन सोर्सच्या बाजूची?

कुठलीच नाही. व्हॉल्व्हने स्टीम डेक या हातातल्या गेमिंग यंत्रासाठी वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं) आणि मेसा (ग्राफिक्स सांभाळणारं) या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये भरपूर काम करून घेतलं आणि ते सगळ्यांना मिळालं. तिचं गेम विकणारं स्टीम मात्र बंदच आहे. मायक्रोसॉफ्टने डॉट नेट हे प्रोग्राम बनवायचं साधन एमआयटीखाली दिलं, एक्सबॉक्स कुलूपबंद. जिथं कंपनी मागे असते तिथं ती उघडी असते, जिथं पुढे असते तिथं बंद. कंपनीचा झेंडा खांद्यावर घेऊन भांडणाऱ्यांना एवढं दिसलं तर निम्मे वाद मिटतील.

१९. फ्रीलान्सरकडून गेमचा कोड लिहून घेतला. पैसे चुकते केले. कोड आमचाच ना?

भारतात आपोआप नाही. कलम १७(सी) नुसार नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा मालक नोकरी देणारा असतो. फ्रीलान्सर नोकर नव्हे, म्हणून कॉपीराइट त्याचाच राहतो. गंमत अशी, की पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र १७(बी) मुळे तुमचं होतं, पण त्याच गेमचा कोड होत नाही.

त्यासाठी सही केलेलं लेखी हस्तांतरण हवं, आणि त्यात तीन गोष्टी लिहाच. मुदत लिहिली नाही तर कलम १९(५) ती पाच वर्षं धरतं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत जातात, अन्यथा ठरलेलं नसेल तर. शिवाय फ्रीलान्सरने आत कुठल्या लायब्ररी वापरल्या त्यांची यादी लायसन्ससकट मागा, आणि शेवटचा हप्ता ती हाती आल्यावरच द्या.